अंग तापलेलं, पण ताप नाही : ऊन लागल्यावर मेंदू काय करतो

प्रश्न विचारणारे गृहस्थ पुण्यात नोकरीला आहेत. वडील ६८ वर्षांचे, हिंगणघाटजवळच्या गावी राहतात आणि शेती अजून स्वतःच पाहतात. गेल्या मे महिन्यात ते दुपारी शेतातून घरी आले, ओसरीत आडवे झाले आणि थोड्या वेळाने बरळायला लागले. विकून चार वर्षं झालेल्या बैलाला नावानं हाका मारत होते. अंगातला सदरा काढून फेकला. काखेत थर्मामीटर लावला तर १०३. घरच्यांनी पॅरासिटामॉल दिली, तासाभरानं पुन्हा दिली, पारा तिथेच. शेवटी शेजाऱ्यांनी ओली चादर अंगावर टाकली, टेबलफॅन लावला आणि तशाच ओल्या अंगानं गाडीत घालून दवाखान्यात नेलं. जीव वाचला, पण पुढे महिनाभर चालताना झोक जायचा. आता त्यांचे तीन प्रश्न आहेत. गोळीनं ताप का उतरला नाही? मेंदूतला थर्मोस्टॅट बिघडला असेल तर तो कायमचा बिघडला का? आणि ज्या उन्हात जन्म काढला ते ऊन आत्ताच कसं बाधलं? शिवाय एप्रिल-मेत वडिलांना पुण्याला आणून ठेवावं का, हेही त्यांनी विचारलंय. सोबत वडिलांच्या गोळ्यांची यादी दिली आहे. तिसऱ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या यादीतच सापडतं.

मी विदर्भातच फिजिशियन म्हणून काम करतो, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये असे रुग्ण दरवर्षी पाहतो. तुमच्या बाबांना मी तपासलेलं नाही. त्यामुळे जिथे गोष्ट परिस्थितीवर अवलंबून आहे, तिथे तसं सांगेन. एक मात्र सांगतो. तुम्ही याला ‘ऊन लागलं’ म्हणता, पण अंगाचं तापमान इतकं चढलेलं आणि माणूस भ्रमात, याला आम्ही उष्माघात धरतो. व्याख्येत आतल्या तापमानाचा आकडा ४० सेल्सियस, म्हणजे १०४ फॅरनहाइट आहे. काखेतला आकडा आतल्या तापमानापेक्षा कमीच येतो. म्हणून काखेतले १०३ आणि जोडीला बरळणं एवढं मला पुरेसं आहे.

आधी गोळीचं बघू, कारण बाकीचं सगळं त्यातूनच उलगडतं.

मलेरिया, डेंग्यू किंवा साध्या फ्लूमध्ये जो ताप येतो, तो मेंदूनं ठरवून आणलेला असतो. जंतूंची चाहूल लागली की शरीरात प्रोस्टाग्लँडिन ई-२ नावाचं रसायन तयार होतं. ते मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसच्या पुढच्या भागात पोचतं आणि तिथली ‘योग्य तापमाना’ची पातळी वर सरकते. मेंदूला आता ३७ सेल्सियस नको, ३९ हवे असतात. म्हणून तो कातडीकडचं रक्त आवरतो, हातपाय गार पडतात, हुडहुडी भरते. अंग १०२ नं तापलेलं असतं आणि माणूस गोधडी मागत असतो. पॅरासिटामॉल ते प्रोस्टाग्लँडिन कमी करते, पातळी परत खाली येते, आणि मेंदूच घाम फोडून अंग थंड करतो. गोळीत स्वतःची थंडाई काही नसते. ती फक्त मेंदूचं मत बदलते.

उष्माघातात मेंदूचं मत बदललेलंच नसतं. त्याला पहिल्यापासून ३७ च हवे असतात आणि त्यासाठी त्याची धडपड चाललेली असते, फक्त बाहेरून येणारी उष्णता त्याला पेलवत नाही. जिथे प्रोस्टाग्लँडिनचा संबंधच नाही तिथे गोळी करणार काय? उलट या अवस्थेत यकृत आधीच भाजून निघत असतं, त्यावर आणखी ओझं कशाला? पॅरासिटामॉल, अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, यांतलं काहीच द्यायचं नाही.

घरी ओळखायचं कसं? बाबांनी सदरा काढून फेकला असं तुम्ही लिहिलंत. मी नातेवाइकांना हेच विचारतो, की पांघरूण मागत होते का कपडे काढत होते. मागून येणाऱ्या तपासण्यांपेक्षा कधी कधी हे उत्तर जास्त कामाचं ठरतं. अर्थात, ही शंभर टक्के खूण नाही. उन्हाळ्यातही मलेरिया होतो, मेंदूज्वर होतो, आणि दोन्ही गोष्टी एकाच माणसात असू शकतात. म्हणून गोंधळ असेल तेव्हा आम्ही आधी अंग थंड करतो आणि कारण मागून शोधतो.

आता थर्मोस्टॅट. तुम्ही वापरलेला शब्द डॉक्टरही वापरतात, आणि समजून घ्यायला तो चालतो. पण फ्रिजमध्ये एकच बटण असतं, तसं मेंदूत नाही. हायपोथॅलॅमस सारा मिळून चारेक ग्रॅमचा. त्याच्या पुढच्या भागात काही चेतापेशी अशा आहेत की त्यांच्याजवळून वाहणारं रक्त थोडं जरी गरम झालं तरी त्यांचे संदेश वाढतात. म्हणजे मेंदू आतलं तापमान स्वतः मोजतो. पण तेवढ्यावर तो थांबत नाही. कातडीतले ग्राही, म्हणजे गरम-गार टिपणारे बारीक संवेदक, बाहेरची बातमी पाठीच्या कण्यातून वर पाठवत असतात, त्यामुळे दुपारी अंगणात पाय टाकला की आतलं रक्त तापायच्या आधीच मेंदू तयारीला लागतो. अशा ग्राहींच्या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं वैद्यकाचं नोबेल मिळालं, स्पर्शाच्या ग्राहींवर काम करणाऱ्या आर्डेम पाटापुटियन यांच्याबरोबर विभागून. ज्युलियस मिरचीतल्या तिखट द्रव्याचा माग काढत निघाले होते. सापडला तो ग्राही सुमारे ४३ अंशांच्या पुढच्या चटक्यालाही जागा होतो. सावजी रस्सा खाताना कपाळावर घाम का येतो, याचं उत्तर यात आहे.

बातमी पोचल्यावर मेंदूकडे करण्यासारख्या गोष्टी मोजक्याच आहेत, आणि प्रत्येकीची सुरू होण्याची वेळ वेगळी. सगळ्यात जुनी आणि सगळ्यात दमदार म्हणजे वागणूक बदलणं. सावलीत जा, कपडे सैल कर, काम थांबव, पाणी पी. मेंदू हे हुकूम ‘नको वाटतंय’ या भावनेतून देतो. ती भावना दाबून ‘एवढी एक ओळ निंदून होऊ दे’ म्हणत बसलेला माणूस आपला सगळ्यात भक्कम बचाव स्वतःच मोडतो. मग कातडीच्या रक्तवाहिन्या सैलावतात, आणि त्यापाठोपाठ घाम.

या दोहोंची किंमत बघा. एरवी कातडीला मिनिटाला पाव लिटरच्या आसपास रक्त पुरतं. कडक उन्हात ते सहा ते आठ लिटरपर्यंत जाऊ शकतं. बसल्या जागी हृदय एका मिनिटात सारं मिळून पाचेक लिटर रक्त पंप करतं, हे लक्षात घेतलं तर त्याच्यावर काय भार पडतो ते कळेल. आतड्यांचा आणि किडनीचा वाटा कापून ते रक्त कातडीकडे वळवलं जातं. तरुण माणसाचं हृदय हे निभावतं. अडुसष्टाव्या वर्षी, तेही गोळ्यांवर असताना, निभावेलच असं नाही.

आणि हवा ४५ अंशांची असेल तर रक्त कातडीपर्यंत आणूनही नुसत्या हवेनं ते थंड होत नाही. कातडी ३५ अंशांच्या आसपास असते, उष्णता बाहेरून आत येते. तेव्हा उरतो फक्त घाम. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. ‘वाळला तर’ हे महत्त्वाचं, कारण टपकून खाली पडलेला घाम वाया जातो. १७७० च्या दशकात चार्ल्स ब्लॅग्डेन नावाचा डॉक्टर लंडनमध्ये १२० अंशांच्याही पुढे तापवलेल्या खोलीत काही मिनिटं उभा राहिला आणि धडधाकट बाहेर आला. त्याच खोलीत ठेवलेला मांसाचा तुकडा मात्र शिजून निघाला. हवा कोरडी होती, म्हणून हे जमलं.

आपल्या भागात हवा कोरडी असल्यानं घाम दिसायच्या आतच वाळतो. ‘मला घामच येत नाही, मला ऊन सोसतं’ असं सांगणाऱ्या माणसाच्या सदऱ्याच्या पाठीवर मिठाच्या पांढऱ्या रेघा असतात. दोन-तीन लिटर पाणी गेलेलं असतं आणि त्याला पत्ताही नसतो. मुंबई-कोकणात नेमकं उलटं होतं. घाम दिसतो, चिकटतो, वाळत नाही. एप्रिल २०२३ मध्ये खारघरच्या महाराष्ट्र भूषण सोहळ्यात माणसं दगावली, तेव्हा तापमान ३८ च्या आसपास होतं. चंद्रपूर-ब्रह्मपुरीच्या माणसाला ३८ म्हणजे काहीच वाटणार नाही. पण समुद्राकाठच्या दमट हवेत, उघड्यावर, तासन् तास बसलेल्या माणसाला तेवढेही पुरतात.

आता मूळ मुद्दा, जो मला तुमच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल सांगायचा आहे. उष्माघातात आधी थर्मोस्टॅट बिघडतो आणि मग अंग तापतं, अशी सर्वसाधारण समजूत आहे. बहुतेक वेळा क्रम उलटा असतो. घामानं रक्तातलं पाणी कमी होतं, उरलेलं रक्त कातडीत पसरलेलं असतं, रक्तदाब उतरायला लागतो. मेंदूपुढे दोन कामं एकदम येतात, अंग थंड ठेवायचं आणि रक्तदाब टिकवायचा. पाणी कमी पडलं की तो दुसऱ्या कामाला झुकतं माप देतो. कातडीच्या वाहिन्या आवळतो, घाम आवरता घेतो. त्या क्षणी तो शहाणपणाच करत असतो, कारण रक्तदाब कोसळला तर माणूस काही मिनिटांत जाईल. पण त्याची किंमत म्हणून तापमान झपाट्यानं चढतं. आतलं तापमान ४० च्या पुढे गेलं की चेतापेशींचं काम विस्कटायला लागतं आणि माणूस बरळतो. आतड्यांना रक्त न मिळाल्यानं त्यांचं अस्तर सैल पडतं, आतल्या जंतूंची विषं रक्तात झिरपतात आणि अंगभर दाह सुरू होतो. थर्मोस्टॅट खरोखर कोलमडतो तो इथे, शेवटी.

यातून एक गोष्ट निघते. कातडी कोरडी पडेपर्यंत उष्माघात नाही, असं समजू नका. कष्टाचं काम करताना उष्माघात झालेल्या तरुण माणसाचं अंग घामानं निथळत असतं, आणि तरीही तो शुद्ध हरपतो. कोरडी की ओली, यापेक्षा बोलणं सुसंगत आहे का, हे बघा.

झोक जाण्याबद्दल : छोट्या मेंदूतल्या पुर्किंजे नावाच्या पेशी उष्णतेला फार नाजूक असतात. चालण्यातला तोल त्यांच्यावर असतो. म्हणून उष्माघातानंतर पाय भेलकांडणं, बोलणं जड होणं हे आम्ही पाहतो. महिनाभरात सुधारलं हे चांगलं लक्षण. काहींना ते कायम राहतं. अजूनही जिना उतरताना हात धरावा लागत असेल, तर न्यूरोलॉजिस्टला एकदा दाखवा. तापमान सांभाळण्याची क्षमता बहुतेकांची काही आठवड्यांत ते महिन्यांत परत येते. पण ज्याला एकदा उष्माघात झाला, त्याला मी पुढच्या उन्हाळ्यात जोखमीचाच धरतो.

आता ‘आत्ताच का’. वय हे एक कारण. तहान उशिरा लागते, घामाच्या ग्रंथी पूर्वीइतकं काम करत नाहीत, कातडीच्या वाहिन्या पुरेशा उघडत नाहीत. बाबा म्हणतात ना ‘तहान नाही, कशाला पिऊ’, ते खोटं बोलत नाहीत. त्यांच्या मेंदूला तो निरोप खरोखरच उशिरा मिळतो.

पण माझी नजर यादीवरच थांबली. टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड एकत्र असलेली रक्तदाबाची गोळी, मेटोप्रोलॉल, आणि पायांच्या आगीसाठी रात्री अ‍ॅमिट्रिप्टिलीन. एकेक गोळी आपापल्या जागी बरोबर असेल, डॉक्टरांनी विचार करूनच दिली असेल. पण मे महिन्यात शेतात जाणाऱ्या माणसाच्या अंगात त्या एकत्र काय करतात ते बघा. हायड्रोक्लोरोथायझाइड लघवीवाटे मीठ-पाणी बाहेर काढते, म्हणजे घाम येण्याआधीच साठा कमी. टेल्मिसार्टनमुळे मीठ-पाणी धरून ठेवण्याची किडनीची ताकद घटते, आणि अंग कोरडं पडलं तर किडनी लवकर दुखावते. मेटोप्रोलॉल हृदयाची गती वाढू देत नाही, आणि कातडीला जास्त रक्त पुरवायचं तर गती वाढायलाच हवी. राहिली अ‍ॅमिट्रिप्टिलीन. घामाच्या ग्रंथींना मेंदूचा निरोप अ‍ॅसिटिलकोलीन या रसायनामार्फत जातो. ही गोळी नेमकी त्याच्याच आड येते. धोतऱ्याच्या विषबाधेत अंग तापतं आणि कोरडं पडतं, ते याच वाटेनं. डोस छोटा असेल तर परिणामही छोटा असतो, पण बाकीच्या तिघी जोडीला आहेत. सर्दीच्या जुन्या गोळ्या आणि मानसोपचारातली ट्रायहेक्सिफेनिडिल ही याच जातकुळीतली. म्हणून बाबांना कुणी मेडिकलमधून सर्दीची गोळी आणून देत असेल तर तेही विचारा.

हे वाचून गोळ्या बंद करू नका. मेटोप्रोलॉल एकदम थांबवली तर छातीत दुखण्यापर्यंत गोष्ट जाऊ शकते. फेब्रुवारी-मार्चमध्ये यादी घेऊन त्यांच्या डॉक्टरांकडे जा आणि सरळ विचारा : हे उन्हात काम करतात, मागच्या वर्षी उष्माघात झाला होता, उन्हाळ्यापुरता काही बदल करता येईल का? पाणी काढणाऱ्या गोळीला बऱ्याचदा पर्याय असतो. कधी नसतो, हृदय कमजोर असेल तर अजिबात नसतो. ते त्यांना ठरवू द्या.

पुन्हा कधी असं झालंच, तर तुमच्या शेजाऱ्यांनी जे केलं तेच करायचं, फक्त पहिल्या मिनिटाला. १०८ ला फोन लावा, आणि गाडी येईपर्यंत हात बांधून बसू नका. सावलीत आणा, कपडे काढा, अंगभर पाणी मारत राहा आणि वारा घाला. बर्फ असेल तर फडक्यात गुंडाळून मान, काखा आणि जांघांत ठेवा. अंग सतत ओलं राहिलं पाहिजे, एकदा शिंपडून पुसून घेतलं तर काही उपयोग नाही. अर्ध्या तासात आतलं तापमान ३९ च्या खाली आणायचं असतं, आणि तो अर्धा तास बहुधा घरी आणि रस्त्यातच जातो. बरळणाऱ्या माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका, ते फुफ्फुसात जातं. कांदा खिशात ठेवल्यानं काही होत नाही. ताटात घ्या, चव येते.

नुसत्या पंख्याबद्दल एक सावधगिरी. चाळीसच्या वरच्या कोरड्या हवेत, कोरड्या अंगावर पंखा लावणं म्हणजे गरम हवा अंगावर फेकणं. अंग किंवा कपडे ओले हवेत. कूलर आपल्याकडे उत्तम चालतो कारण हवा कोरडी आहे. फक्त खिडकी थोडी उघडी ठेवा, नाहीतर खोली दमट होते आणि घाम वाळेनासा होतो.

प्यायला ताक, पन्हं, लिंबू-मीठ-साखर, काहीही चालेल. ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्यातच घालायची, पेल्यात नाही. दिवसभर नुसतं साधं पाणी भरपूर प्यायलं आणि घामातून मीठ जात राहिलं, तर रक्तातलं सोडियम उतरतं आणि त्यानंही भ्रम होतो. पाणी काढणाऱ्या गोळीवर असलेल्या माणसात तर जास्तच. दुसरीकडे रक्तदाब आहे, म्हणून मीठ किती हे डॉक्टरांकडून ठरवून घ्या. घरच्या घरी बघायचं तर लघवीचा रंग बघा. दुपारी गडद पिवळी होत असेल, तर तहान लागो न लागो, पाणी कमी पडतंय.

शेवटी तुम्ही विचारलंय की एप्रिल-मेत बाबांना पुण्याला आणून ठेवू का. आणा, पण एक लक्षात असू द्या. उन्हाची सवय ही खरी, मोजता येणारी गोष्ट आहे. रोज थोडं ऊन अंगावर घेतलं तर एक-दोन आठवड्यांत रक्तातलं पाणी वाढतं, घाम लवकर आणि जास्त सुटतो, त्यातलं मीठ कमी होतं. म्हणूनच मे अखेरीपेक्षा मार्च-एप्रिलची पहिली लाट कधी कधी जास्त माणसं आडवी करते. पण ही सवय जातेही तितकीच लवकर, तीन-चार आठवड्यांत बरीचशी. एसीत महिना काढून बाबा मेच्या शेवटी पेरणीच्या तयारीसाठी गावी परतले आणि दुसऱ्याच दिवशी दुपारी शेतात उभे राहिले, तर त्यांचं अंग मुंबईहून आलेल्या पाहुण्यासारखं वागेल. परत पाठवायचं असेल तर पहिले आठ-दहा दिवस सकाळी नऊच्या आत घरी, आणि तेही तास-दीड तासच. वावरात एकटं जायचं नाही, सोबत कुणीतरी हवं. आपण बरळतोय हे बरळणाऱ्याला स्वतःला कळत नाही.